शब्दचर्चा: क्षार म्हणजे नेमकं काय?

मामांच्या शेताचा माती परीक्षणाचा अहवाल आलाय. सामू (pH) ८.९, विद्राव्य क्षार ०.४. मामा खूश आहेत, 'क्षार कमी म्हणजे जमीन चांगली'. मग सामू एवढा कसा? शाळेत आम्ही शिकलो, आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदी माध्यमात शिकलेली बायको म्हणते, क्षार म्हणजे आम्लाच्या उलट. कोणाचं खरं?

– – –

दोघांचंही. मूळ अर्थ वहिनींच्या बाजूचा आहे. सुश्रुतसंहितेत वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून क्षार करायची कृती आहे, आणि क्षाराने भाजलं तर त्यावर आंबट पदार्थ लावायला सांगितलंय. आपला पापडखारही त्याच घराण्यातला. मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र हिंदीतल्या 'लवण'साठी क्षार घेतला आणि आम्लाच्या विरोधकाला आम्लारी म्हटलं: आम्ल अधिक अरी, आम्लाचा शत्रू. मला हा शब्द फार आवडतो, अर्थ नावातच आहे. पाण्यात विरघळणारा आम्लारी तो अल्क. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्क नाही.

आता मामांचा अहवाल. तिथला 'क्षार' शाळेतला आहे: विरघळलेली सगळी लवणं, विद्युत वाहकतेवरून मोजलेली. ती ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. सामू वेगळी गोष्ट सांगतो. ७ उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी (शेतीच्या लिखाणात विम्ल), आणि प्रत्येक अंकाला दहापट फरक. त्यामुळे ७.९ आणि ८.९ मध्ये 'फक्त एकाचा' फरक समजू नका. क्षार कमी आणि सामू साडेआठच्या वर, म्हणजे चोपण जमिनीची शंका घ्यायची. मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. पावसात चिकट चिखल, वाळली की दगड, पाणी मुरत नाही.

– – –

अगदी असंच आहे! पाऊस थांबून चार दिवस झाले तरी सरीत पाणी उभं असतं. जिप्सम टाकायला सांगू का?

– – –

आधी विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण, तपासून घ्या. १५ टक्क्यांच्या वर निघाला तर जिप्सम, पण किती ते त्या आकड्यावरून ठरवायचं. आणि चर आधी काढा. जिप्समने सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर जायला हवा, नाहीतर तो तिथेच राहील.