आज्जी-आजोबांनी खरंच काय खाल्लं, हे कसं विचारायचं?

बडोद्याची_मुलगी: मी इथे न्यूट्रिशनमध्ये पीएचडी करतेय, आहाराचा म्हातारपणी तब्येतीवर काय परिणाम होतो यावर. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत जाऊन मागच्या 24 तासांचं खाणं विचारते तर आज्जी म्हणतात "काही नाही गं, वरणभात", आणि उठताना कळतं की सकाळी सेव उसळ पण झालेली. काय करू?

निवृत्त_काकू: अगं, त्यांच्याच घरची वाटी मागून घे, पाणी भरून माप. आणि उपास वेगळा विचार, चतुर्थी-एकादशीला साबुदाणा आणि बटाटाच असतो, म्हणून एकाच दिवसावर जाऊ नकोस, दोन-तीन वेगळे दिवस घे.

सुनील_मांजलपूर: प्रोटीन नक्की बघ. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) प्रमाण रोज वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम, पातळ वरणातून कुठून येणार? माझे बाबा "कमी खाल्लं की जास्त जगतो" म्हणून रात्रीचं जेवण सोडून बसलेत, खूप काळजी वाटते.

बडोद्याची_मुलगी: दादा, त्यांना सांगा, कमी खाऊन जास्त जगण्याचा 1935 चा तो गाजलेला प्रयोग उंदरांवर होता, आणि अमेरिकेतली कमी कॅलरी खाण्याची ट्रायल वयाच्या 50 पर्यंतच्या निरोगी लोकांवर. सत्तरीत मुख्य भीती स्नायू झिजण्याची असते. काकू, वाटीचं उद्याच करते!