मदत हवी आहे: अल्झायमर आणि मेंदूतला दाह, नेमकं काय वाचू?

नमस्कार मंडळी. आईला अल्झायमर आहे. एकच रुमाल ती दिवसभर घडी घालते, उलगडते, पुन्हा घडी घालते. मागच्या महिन्यात लघवीचा संसर्ग झाला आणि दोन दिवसांत ती मला ओळखेनाशी झाली. संसर्ग गेला, पण ती पूर्वीइतकी सावरली नाही. तेव्हापासून दाहाबद्दल, म्हणजे संसर्गाशी किंवा इजेशी लढताना शरीर देतं त्या प्रतिसादाबद्दल (इन्फ्लमेशन), मिळेल ते वाचतेय.

मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी अल्झायमरमध्ये साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचे साठे साफ करतात, पण सतत चेतलेल्या राहिल्या तर चेतापेशींनाच इजा करतात, इतकं कळलं. २०१३ मध्ये मायक्रोग्लियात काम करणाऱ्या टीआरईएम२ (TREM2) जनुकातल्या बदलामुळे अल्झायमरचा धोका वाढतो हे समोर आलं आणि संशोधकांचं लक्ष या पेशींकडे वळलं. त्याआधी नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक गोळ्यांची चाचणी झाली होती, तिच्यात आजार काही टळला नाही. इथेच माझं घोडं अडतं. औषध उशिरा दिलं गेलं, की दाहाचा उपयोगी भागही दबला?

कोणी या विषयात काम करत असेल तर एनएलआरपी३ (NLRP3, मायक्रोग्लियात दाह चेतवणारं प्रथिन) आणि टीआरईएम२ वरचा, माझ्यासारखीला झेपेल असा आढावा लेख सुचवाल का? आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांनो, संसर्गाची पहिली खूण तुम्हाला कशी कळते? डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, पण पुढच्या वेळी मला उशीर करायचा नाहीये.