जुन्या घरातले एअर डक्ट साफ करून घ्यावेत का? (मदत हवी आहे, जरा लवकर)

खिडकीपाशी
परवापर्यंत होय-नाही कळवायचंय, म्हणून घाईत लिहितेय. काल सेंट्रल एसीच्या सर्व्हिसिंगला माणूस आला होता. मोबाईलवर फोटो दाखवून म्हणाला, डक्टमध्ये (एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांमध्ये) बुरशी धरलीय, लगेच साफ करा, वर आतून जंतुनाशकही फवारून देतो. घर जुनं आहे. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोट फिरवलं की रेघ उमटते. आईचा खोकला जात नाहीये. करू की नको?

मधुमालती
डोळे झाकून करा. आम्ही दर चार वर्षांनी करतो. पहिल्या वेळी व्हॅक्यूमच्या पिशवीत जे निघालं ते बघून अंगावर काटा आला होता.

पानापक्कड
मधुमालतीताई, थांबा जरा. घर जुनं म्हणजे किती? फिल्टर कधी बदललाय? घरात नुकतीच तोडफोड, घासकाम काही? आणि तो फोटो तुमच्याच डक्टचा होता का, तो काढताना तुम्ही समोर होतात का? नाडी न बघता औषध कसं सांगणार?

बाल्कनीतली बाग
दर पंधरा दिवसांनी एसीची जाळी काढून नळाखाली धुवायची आणि सावलीत वाळवायची. आमचा स्प्लिट एसी नऊ वर्षं मस्त चाललाय.

पानापक्कड
बागवाले, त्यांचा स्प्लिट नाही हो, भिंतीतून डक्ट गेलेत.

खिडकीपाशी
घर 1960 च्या आसपासचं. फिल्टर आम्ही राहायला आल्यापासून बदललेला नाही, दीड वर्ष झालं. दोन महिन्यांपूर्वी लाकडी जमीन घासून पॉलिश केली. फोटो काढला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पण याचा डक्टशी काय संबंध? मला फक्त करू की नको एवढंच हवंय.

पानापक्कड
सगळा संबंध इथेच आहे! जमीन घासताना एसी चालू होता का? असेल तर लाकडाचा भुसा रिटर्नच्या जाळीतून, म्हणजे खोलीतली हवा परत एसीत ओढली जाते तिथून, थेट आत गेला. दीड वर्षाचा तुंबलेला फिल्टर तो काय अडवणार?

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए काय म्हणते ते सांगतो. डक्ट ठरावीक काळाने साफ केल्याने आजार टळतात, असं सिद्ध झालेलं नाही. तीन गोष्टी दिसल्या तर मात्र साफ करायचा विचार करावा: आत डोळ्यांना दिसणारी बुरशी, उंदीर किंवा किड्यांचा वावर, नाहीतर इतका कचरा की तो झरोक्यांतून खोलीत पडतोय. डक्टच्या पत्र्याला थोडी धूळ चिकटलेली सगळ्याच घरांत असते.

मधुमालती
संस्था काहीही म्हणो, माझ्या मुलाच्या शिंका थांबल्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पानापक्कड
तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. त्याच वेळी फिल्टरही नवा घातला होतात ना? मग शिंका कशाने थांबल्या ते कसं सांगणार?

मधुमालती
फिल्टर त्यांनीच बदलून दिला होता, हे खरं. तरी जुन्या घरात मी जोखीम घेणार नाही.

निळीशाई
बुरशीबद्दल थोडं. काळे डाग फक्त झरोक्याच्या कडेला असतील तर ती बुरशी असेलच असं नाही. थंड पत्र्याला दमट हवा लागून घाम येतो आणि त्यावर धूळ चिकटते. फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, नमुना तपासावा लागतो. खरंच बुरशी निघाली तर आधी ओल कुठून येते ते शोधा, नाहीतर साफ करूनही ती परत येईल. डक्टला आतून फायबरग्लासचं अस्तर असेल आणि ते भिजून बुरसलं असेल तर ते धुऊन भागत नाही, बदलावंच लागतं. फवारणी तूर्त नकोच, आईंना खोकला असताना तर नकोच.

आईंना डॉक्टरांना दाखवलंत का?

खिडकीपाशी
उद्याची वेळ घेतलीय. एसी चालू होता, हो. आत्ता स्वतः टॉर्च घेऊन रिटर्नची जाळी काढून बघितली. काळं काही नाही, पण पिवळट भुशाचा थर बोटाच्या पेराएवढा आहे. फिल्टर करडा पडलाय आणि खाचेपेक्षा लहान आहे, बाजूने दोन बोटं फट राहते.

पानापक्कड
मग फट न राहणारा, बरोबर मापाचा फिल्टर आजच घाला. तुमच्या ब्लोअरला (हवा ढकलणाऱ्या पंख्याला) झेपेल तेवढा बारीक जाळीचा घ्या. एवढा भुसा असेल तर साफसफाई करायला हरकत नाही, पण दुसऱ्या कुणाला बोलवा. ब्लोअर आणि कॉइल (हवा थंड करणारी नळ्यांची जाळी) पण साफ करणार का हे आधी विचारा. नुसते डक्ट झाडले तर कॉइलवरचा भुसा पुन्हा सगळीकडे उडेल.

मधुमालतीताई, या घरापुरतं तुमचं म्हणणं बरोबर निघालं.

खिडकीपाशी
फिल्टर आणायला निघालेच. एक राहिलं, तळघरात डक्टच्या सांध्यांवर पांढरं कापडासारखं गुंडाळलंय, कडा फाटल्यात. साफ करणारे यायच्या आधी ते ओढून काढू का?

निळीशाई
हातसुद्धा लावू नका! त्या काळातल्या घरांत सांध्यांवरच्या पट्टीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे असं तंतुमय खनिज ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. जाणकाराकडून नमुना तपासून घ्या. तोवर डक्ट साफ करणाऱ्यांना बोलावू नका.