उत्तर: दूध नासतंय? आधी कॅन बघा

पहाटे ५ ला काढलेलं म्हशीचं दूध ८ वाजता कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गिऱ्हाइकाच्या गॅसवर नासतं, वैरणीमुळं होत असेल का, असं तुम्ही विचारलंय. वैरणीला कशाला दोष देताय? कॅनच्या झाकणातला रबरी वायसर काढून वास घ्या. आंबूस आला तर चोर सापडला. कॅन आधी साध्या पाण्याने विसळा, मग सोड्याचं गरम पाणी नि ब्रश. थेट कढत पाणी ओतलं की दुधाचा थर पत्र्याला धरतो आणि त्यात जंतू राहतात. धुतल्यावर कॅन पालथा घाला.

प्रत्येक सडाच्या पहिल्या ३-४ धारा काळ्या वाटीत काढा. गुठळ्या दिसल्या तर दगडीची (कासेच्या सुजेच्या रोगाची) शंका, ते दूध मिसळू नका.

कासेतून दूध ३८ अंशांच्या आसपास येतं, ते तापमान लगेच उतरवायला हवं. कूलर नसेल तर कॅन बर्फाच्या पाण्यात ठेवा, पाणी दुधाच्या पातळीइतकं, आणि स्टीलच्या ढवळणीने मधूनमधून ढवळा. रात्रीच्या थंड दुधात सकाळचं कोमट ओतणं तर बंदच करा.

कोल्हापुरातच गंगावेशीत धारोष्ण (नुकतं काढलेलं, न तापवलेलं) दूध चालतं, कारण ते तिथंच पोटात जातं. तुमचं ३ तास फिरतंय.

निघण्याआधी प्रत्येक कॅनमधलं चमचाभर उकळून बघा. फुटलं तर तो कॅन गाडीवर चढवू नका.