प्रति: कोच कधी गेला याने काय फरक पडतो?
वर म्हटलंय की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कोच डिसेंबरात जावो की जानेवारीत, जाणारे खेळाडू जातातच. मला नाही पटत. अलाबामा विद्यापीठाच्या संघाचंच बघा. त्यांचे कोच निक सेबन १० जानेवारी २०२४ ला निवृत्त झाले, तेव्हा ट्रान्सफर पोर्टलची (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंनी नाव नोंदवायची यादी) नेहमीची मुदत संपून आठवडा झाला होता. पण कोच गेला की त्या संघातल्या पोरांना वेगळे ३० दिवस मिळायचे. म्हणजे दुकान उघडं अलाबामाचं आणि गिऱ्हाईक सगळा देश! दोन दिवसांत नवे कोच केलन डीबोर आले, तरी खेळाडू केलब डाउन्स ओहायो स्टेटला गेलाच, आयझाया बॉन्ड टेक्ससला. बाकी संघांची मुदत संपलेली, मग बदली खेळाडू आणणार कुठून? (डीबोरनी सोडलेलं वॉशिंग्टनही तसंच उघडं पडलं म्हणा.) अलाबामाच्याच केडिन प्रॉक्टरची तर गंमतच: घरच्या आयोवाला गेला नि मार्चमध्ये परत फिरायचं ठरवलं.