व्यापार करारातलं औषध-पेटंटांचं प्रकरण: मसुद्यात आधी काय बघायचं?

मसुदावाचक
दोन देशांमधल्या मुक्त व्यापार कराराच्या मसुद्यातलं बौद्धिक संपदेचं प्रकरण समजून घ्यायचं आहे. अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं पेटंट हे ट्रिप्सच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराच्या) कलम 33 नेच ठरलेलं आहे. मग औषधांच्या मुद्द्यावर वाटाघाटी इतकी वर्षं कशावर अडून राहतात? आणि एका भागीदाराला दिलेली सूट त्याच्यापुरतीच राहते का? आयात शुल्काचं तरी तसंच असतं.

नोंदणी_विभाग
सगळ्यात आधी डेटा एक्सक्लुसिव्हिटी शोधा. मसुद्यात ती या नावाने सहसा सापडत नाही, 'चाचणी माहितीचं संरक्षण' अशा साध्या मथळ्याखाली असते.

मूळ कंपनी प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्यांची माहिती नियामकाला देते. जेनेरिक कंपनी, म्हणजे तेच औषध नंतर स्वस्तात बनवणारी कंपनी, त्या चाचण्या पुन्हा करत नाही. आपलं औषध शरीरात तेवढ्याच प्रमाणात आणि त्याच वेगाने शोषलं जातं एवढं ती दाखवते, आणि नियामक आधीच्या मंजुरीचा आधार घेऊन परवानगी देतो. एक्सक्लुसिव्हिटी असेल तर ठरावीक वर्षं नियामकाला हा आधार घेता येत नाही. ट्रिप्सचं कलम 39.3 चाचणी माहितीला 'अनुचित व्यापारी वापरा'पासून जपायला सांगतं; वर्षांचा आकडा त्यात नाही. आकडा येतो तो करारातून. अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यात नव्या रासायनिक औषधाला 5 वर्षं आणि जैविक औषधाला (सजीव पेशींपासून बनवलेल्या) 12 वर्षं आहेत. युरोपात 8 वर्षं माहितीच्या संरक्षणाची, त्यावर 2 वर्षं जेनेरिक बाजारात न येण्याची, आणि ठरावीक परिस्थितीत आणखी 1.

पण आकड्याइतकंच महत्त्व घड्याळ कधी सुरू होतं याला आहे, आणि नेमकं तेच वाक्य घाईत वाचलं जातं. समजा औषधाला जगात पहिली मंजुरी 2020 मध्ये मिळाली आणि कंपनी तुमच्या देशात 2024 मध्ये नोंदणी करते. '5 वर्षं, स्थानिक मंजुरीपासून' असं लिहिलं असेल तर मुदत 2029 पर्यंत जाते. कंपनी जितकी उशिरा येईल तितकं औषध उशिरा स्वस्त होणार. यावर दोन उपाय प्रत्यक्ष वापरात आहेत. पेरू-अमेरिका करारात 2007 च्या दुरुस्तीनंतर असं ठरलं की पेरूने अमेरिकेतल्या मंजुरीवर विसंबून अर्जापासून 6 महिन्यांत परवानगी दिली, तर घड्याळ अमेरिकेतल्या मंजुरीपासून चालतं. चिलीने आपल्या कायद्यात 12 महिन्यांची अट घातली: परदेशातल्या पहिल्या नोंदणीनंतर तेवढ्या काळात अर्ज केला नाही, तर संरक्षण नाही.

दुसरा सापळा त्याहून वाईट आहे. सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवायची सरकारी परवानगी, पेटंटचं कुलूप काढतो, नोंदणीचं काढत नाही. सरकारने परवाना दिला तरी एक्सक्लुसिव्हिटी चालू असेल तर जेनेरिकची नोंदणी अडकते, आणि रुग्णाच्या हातात काहीच पडत नाही. म्हणून 'सक्तीचा परवाना दिल्यास हे कलम लागू होणार नाही' हे वाक्य करारात आणि देशाच्या कायद्यात, दोन्हीकडे स्पष्ट हवं.

कलम_चार
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, त्याच्यापुरती राहत नाही. वस्तूंच्या व्यापारासाठी गॅट कराराच्या कलम 24 मध्ये मुक्त व्यापार करारांना अपवाद आहे, सेवांसाठी गॅट्स कराराच्या कलम 5 मध्ये आहे. ट्रिप्समध्ये तसा अपवाद नाही. कलम 4 नुसार एका देशाच्या नागरिकांना दिलेला लाभ जागतिक व्यापार संघटनेच्या सर्व सदस्यांच्या नागरिकांना द्यावा लागतो. सूट आहे ती मुख्यतः 1995 च्या आधी लागू झालेल्या आणि रीतसर कळवलेल्या करारांना. म्हणजे कापडावरच्या शुल्ककपातीच्या बदल्यात तुम्ही 5 वर्षांची एक्सक्लुसिव्हिटी दिली, तर कपात मिळते एका बाजारात आणि एक्सक्लुसिव्हिटी मात्र सगळ्या जगाच्या कंपन्यांना. मोबदला ठरवताना हा हिशेब टेबलावर असायलाच हवा.

मुदतवाढ
पेटंटची मुदतवाढही बघा, म्हणजे मंजुरीत गेलेल्या काळाची भरपाई. युरोपातलं सूत्र असं: पहिल्या मंजुरीची तारीख वजा पेटंट-अर्जाची तारीख, त्यातून 5 वर्षं वजा, आणि कमाल 5 वर्षं. अर्ज 2010 चा, मंजुरी 2021 ची असेल तर 11 वजा 5 म्हणजे 6. कमाल मर्यादेमुळे 5. पेटंट 2030 ऐवजी 2035 पर्यंत चालतं. युरोपीय संघाबरोबरच्या करारात कॅनडाने हेच सूत्र घेतलं, पण कमाल मर्यादा 2 वर्षांवर आणली, म्हणजे याच उदाहरणात 2032. शिवाय वाढीव काळात निर्यातीसाठी उत्पादन करायची मुभा ठेवली. मर्यादा आणि निर्यातीचा अपवाद, दोन्ही मागून मिळवता येतात.

पेटंट लिंकेजमध्ये, म्हणजे जेनेरिकची मंजुरी पेटंटशी जोडणाऱ्या कलमात, एकच क्रियापद तपासा: नियामकाने मंजुरी 'रोखली पाहिजे' की 'रोखू शकतो'. अमेरिकेत पेटंटधारकाने वेळेत दावा दाखल केला की मंजुरी साधारण 30 महिने थांबते.

मसुदावाचक
आभार. भारत-ब्रिटन करारात (24 जुलै 2025) एक्सक्लुसिव्हिटीची वर्षं नाहीत. पण औषधं उपलब्ध करण्यासाठी ऐच्छिक परवाने हा श्रेयस्कर मार्ग असल्याचं दोन्ही देश 'मान्य करतात' असं वाक्य आहे. याने भारतीय कायदा बदलतो का?

कलम_चार
त्या वाक्याने थेट काही बदलत नाही. 'मान्य करतात' आणि 'करतील' यांत कायदेशीर अंतर मोठं आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 84 खाली पेटंट मिळाल्यापासून 3 वर्षांनी सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि आधी ऐच्छिक परवाना मागितला होता का हे त्यात पाहिलं जातंच. तरीही हे वाक्य मला खटकतं, कारण पुढे प्रत्येक सक्तीच्या परवान्याच्या वेळी तेच पुढे केलं जाईल.

जास्त काळजी फॉर्म 27 ची करावी. पेटंटचा भारतात प्रत्यक्ष वापर किती, ते या फॉर्ममध्ये कळवायचं असतं. मार्च 2012 मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला नेक्सावार या कर्करोगावरच्या औषधाचा सक्तीचा परवाना मिळाला तेव्हा औषध किती आयात झालं, किती रुग्णांपर्यंत पोचलं, हाच कळीचा मुद्दा होता. महिन्याच्या औषधाची किंमत सुमारे 2,80,000 रुपये होती, परवान्यात ती 8,880 वर आली. मार्च 2024 च्या नियमदुरुस्तीने हा फॉर्म दरवर्षीऐवजी 3 आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा झाला. ब्रिटनच्या करारात अशी माहिती 3 वर्षांच्या आत पुन्हा मागायची नाही हे बंधन आलं. आता वार्षिक पद्धतीकडे परत जाणं नुसत्या नियमदुरुस्तीने जमणार नाही.

नोंदणी_विभाग
एक भर: सही झाली म्हणजे मजकूर पक्का झाला असं समजू नका. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या 2018 च्या करारात जैविक औषधांना 10 वर्षं होती. 10 डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने ती काढली गेली. अमेरिका बाहेर पडल्यावर टीपीपी या पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातल्या उरलेल्या 11 देशांनी 22 तरतुदी स्थगित केल्या, त्यांत मुदतवाढ आणि चाचणी माहितीची कलमं होती. उलटही घडतं. ग्वाटेमालाने 2004 मध्ये एक्सक्लुसिव्हिटी काढली आणि अमेरिकेच्या दबावाखाली 2005 मध्ये परत आणली, कारण करार लागू करण्याआधी अमेरिका भागीदाराचे देशी कायदे तपासते. म्हणून मसुद्याइतकंच लक्ष अंमलबजावणीच्या विधेयकावर ठेवा. करारातले अपवाद विधेयकात उतरायचे राहून गेले, तर औषध नियामकाला ते वापरता येत नाहीत.