बिअर गार्डन म्हणायला झाड लागतं का नुसती बिअर पुरते?

इझारकाठचा:
म्युनिकहून सुट्टीवर पुण्याला आलोय. परवा मित्राने ओढून नेलं, म्हणे चल तुला म्युनिकची आठवण करून देतो, नवीन बिअर गार्डन झालंय. पाचव्या मजल्याची गच्ची, खाली प्लास्टिकचं गवत, कडेने कुंड्या, त्यातले निम्मे मनीप्लांट पण खोटे. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण दारातच पाटी, "बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे". तिथे डोकं फिरलं, कारण बिअर गार्डन हा शब्दच मुळात त्या पाटीच्या उलट आहे.

बघा, १५३९ साली बव्हेरियात, म्हणजे आमच्या म्युनिकच्या प्रांतात, हुकूम निघाला की बिअर २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बनवायची, उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागायच्या म्हणून. मग उन्हाळ्याचा साठा थंड रहावा म्हणून तळघरं खणली, वर खडी टाकली आणि चेस्टनटची झाडं लावली. चेस्टनटच का, तर सावली दाट आणि मुळं फार खोल जात नाहीत, म्हणजे तळघराला धोका नाही. लोक तिथेच झाडाखाली बसून प्यायला लागले, तर शहरातल्या बाकीच्या धंदेवाल्यांनी बोंब मारली की आमचं गिऱ्हाईक पळवलं. शेवटी ४ जानेवारी १८१२ ला राजा मॅक्सिमिलियन योझेफने तोडगा काढला, की तळघरवाल्यांनी बिअर विकावी पण ब्रेड सोडून खायला काही द्यायचं नाही. झालं, लोक घरून डबा आणायला लागले ते आजतागायत! डबा आणता येत नसेल तर त्याला बार म्हणा, रूफटॉप म्हणा, गार्डन कशाला म्हणता?

पर्वतीच्या_पायथ्याशी:
अहो इझारकर, आपण मिसळीच्या दुकानाला हॉटेल म्हणतो, तिथे रहायला खोली मागता का तुम्ही? परमिट रूममध्ये आजवर कुणी परमिट बघितलंय? १९४९ च्या दारूबंदी कायद्यातला परवाना कागदावर राहिला आणि शब्द गल्लोगल्ली पाट्यांवर गेला. "लॉन्स" म्हणजे लग्नाचा हॉल हे इथे शेंबड्या पोराला पण कळतं. शब्द ज्या गावात जातो त्या गावचा होतो. इथे गार्डन म्हणजे वरती छप्पर नाही, बास. हायवेला "गार्डन फॅमिली" वाचून कुणी गुलाब बघायला थांबत नाही.

रेडिंगवाली:
+१. आणि म्युनिकवाल्यांनी मक्तेदारी सांगू नये. इंग्लंडमध्ये बिअर गार्डन म्हणजे पबच्या मागची मोकळी जागा, मग हिरवळ असो नाहीतर ड्रमच्या शेजारी चार लाकडी बाकं. २००७ च्या जुलैत आत सिगरेट बंद झाली तेव्हापासून तर निम्मी गर्दी तिथेच असते. २०२१ ला लॉकडाऊननंतर १२ एप्रिलला पब उघडले ते फक्त बाहेर बसायला, त्या सकाळी लंडनकडे चक्क बर्फ पडला होता, तरी लोक कोट घालून गार्डनमध्ये. कुणी विचारलं नाही चेस्टनट कुठाय. आणि डबा? इथल्या पबात स्वतःचं सँडविच उघडून तर बघा, मालक कसा बघतो ते.

इझारकाठचा:
@रेडिंगवाली तुमच्याकडे निदान खाली जमीन असते हो. आणि डब्याचं मी भावनेच्या भरात बोलत नाहीये. आमच्याकडे हिर्शगार्टन म्हणून आहे, आठेक हजार लोक बसतात. तिथे बिअरचा मग स्वतः फळीवरून उचलायचा, स्वतः विसळायचा आणि रांगेत उभं रहायचं. ज्या टेबलावर कापड घातलंय तिथे वेटर येतो, तिथे त्यांचंच खायचं. उघड्या लाकडी टेबलावर तुम्ही काय वाटेल ते आणा. आम्ही थालीपीठं नि लसणाची चटणी नेतो. मागच्या उन्हाळ्यात शेजारी एक आजोबा सुरीने मुळा कापत होते, अखंड, स्प्रिंगसारखा लांब ओढला जाईल असा, मग त्यात मीठ भरून बाजूला ठेवला. पाणी सुटेपर्यंत हात लावायचा नाही म्हणाले. मग अर्धा मुळा आमच्याकडे सरकवला आणि चटणीकडे बोट दाखवलं. हे पाचव्या मजल्यावर होईल का सांगा.

खानावळवाला_नगर:
दादा मी स्वतः बारा वर्षं धंदा केलाय म्हणून बोलतो. गच्चीचं भाडं, लायसन फी, वेटर, आचारी, आणि तुम्ही थालीपीठ घेऊन येणार नि एका बिअरवर तीन तास बसणार. बिअरवर सुटतं किती? आमचं पोट मसाला पापड आणि चिकन चिलीवर चालतं. तुमच्या राजाला काय जातंय हुकूम काढायला. पाटी मी पण लावली होती आणि तरी लोक पिशवीतून फरसाण काढायचेच.

श्वाबिंगची_काकू:
मी पण म्युनिकलाच, २२ वर्षं. इझारकाठच्या, तू अर्धीच गोष्ट सांगितलीस रे. डब्याचा नियम कायद्यात कसा आला ते सांग की. १९९५ ला शहराच्या दक्षिणेला एका बिअर गार्डनच्या शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, कोर्टाने साडेनऊला बंद करायला लावलं, तर १२ मे ला पंचवीसेक हजार लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर. मग सरकारने नियम केले, १९९९ चे आजही चालू आहेत. संगीत दहाला बंद, अकराच्या आत सगळं आवरायचं. आता एवढी सूट कुणाला द्यायची ते ठरवायला व्याख्या लागली, म्हणून लिहिलं की बागेसारखी जागा हवी आणि आणलेलं खाता आलं पाहिजे. म्हणजे तुझी ती पवित्र व्याख्या शेजाऱ्यांच्या झोपेच्या भांडणातून आलीये! आणि आपल्या गल्लीतला इटालियन फुटपाथवर चार खुर्च्या टाकतो तो पण बिअर गार्डन लिहितोच. त्याला खरं तर विर्ट्सगार्टन, म्हणजे हॉटेलची बाहेरची बैठक, म्हणायचं, पण म्हणतं कोण.

इझारकाठचा:
काकू, मोर्च्याचं मान्य. पण व्याख्या लिहायला बसल्यावर त्यांना डबाच आठवला ना, बिअरचा ब्रँड नाही आठवला. माझा मुद्दा तोच आहे. आणि तो इटालियन पण चूकच.

पर्वतीच्या_पायथ्याशी:
म्हणजे आता म्युनिकमधलेच लोक चूक, इंग्लंड चूक, पुणे तर चूक आहेच. बरोबर कोण, तुम्ही आणि मुळेवाले आजोबा?

गच्चीवरचा_मित्र:
मी तोच मित्र. धागा आत्ता वाचला. मंडळी, एक गोष्ट हा सांगत नाहीये. पाटी वाचून झाल्यावर याने खिशातून खारे शेंगदाणे काढले आणि टेबलाखाली धरून अख्खी पुडी संपवली. वेटरला कळलं, त्याने नुसती एक रिकामी वाटी आणून ठेवली, टरफलांसाठी. टीप मी दिली.